सुबराव निपाणीला जाणार

अहो, मोटार दारातनं जात होती हो! दारातनं! उंबरा वलांडला की कट्टा, कट्टा उतरला की सडक, आणि सडकेवरनं रोज सकाळी बेळगावास्नं निपाणीला जाणारी सर्व्हिस मोटार, पँ पँ भोंगा वाजवत... नुसता हात वर करायचा! हात जड झाला तर बोट करा! बोट वर केलं असतं तरी यल्लाप्पा ड्रायव्हर थांबला असता, देवमाणूस तो... पर न्हाय! पोरीच्या लग्नाचं बोलणं घालायला काकतीच्या सुबरावाला निपाणीला जायचं होतं, आणि वरीस सरत आलं तरी सुबराव काय करत होता? उद्या जाणार होता!

तुम्हास्नी सांगतो, माणूस वाईट न्हवता हं. उगंच कुणाला नावं ठेवू ने. दारू न्हाय, पत्ते न्हाईत, कुणासंगं भांडण न्हाय... भांडायला उठून उभं ऱ्हावं लागतंय, तिथंच अडायचं! रानात भात मात्र झकास यायचं. का? तर रान त्याची बायको गुणाबाई करायची. नांगराला बैल हिनं न्यायचे, चिखलात ही, मळणीला ही, आणि सुबराव कट्ट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगणार, "औंदा भात बरं हाय आमचं." आमचं!

तर ह्यांना एक पोरगी. अंजनी. आईवर गेलेली, हातात काम घेतलं की संपवूनच सोडणार. गुणाबाईची धाकटी भन राजाबाई निपाणीजवळच्या बोरगावात दिलेली, ती उन्हाळ्यात काकतीच्या यात्रेला आलती, आणि जाताना म्हणाली, "आक्का, निपाणीत मारुतीराव म्हणून हायत, त्यांचा शामू तंबाखूच्या वखारीत काट्यावर असतोय, वजनं करतोय. लई निर्मळ पोरगं. यात्रेला आलतं. त्यानं अंजनीला बघितलं, अंजनीनं त्याला बघितलं, आणि मी दोघांनाबी बघताना बघितलं! आता दाजींनी तेवढं जाऊन बोलणं घालायचं. पोरीच्या बापानंच जायला पायजे, रीत हाय ती."

सुबराव कट्ट्यावरनं म्हणाला, "जाऊ की! त्यात काय? उद्याच जातो!"

उद्याच! ह्या 'च'वर गुणाबाई फसली बघा. इतकी वर्षं संसार केलेली बाई, पर त्या 'च'वर फसली!

मग काय काय झालं सांगू? ज्येष्ठात म्हणाला, पेरणी होऊ दे. पेरणी कोण करायलंय? गुणाबाई! आखाडात म्हणाला, आखाडात कुणी शुभ बोलतंय काय, येडी का खुळी तू? श्रावणात म्हणाला, माझा सोमवार असतोय, परक्याच्या घरी फराळाचं मागायचं कसं? अहो, मंगळवारी जा की! तर मंगळवार म्हणं वार बरा न्हाय. भादव्यात पितरं. दसऱ्याला म्हणाला, सणादिवशी लोकांच्या दारात जाऊन उभं ऱ्हायचं, बरं दिसतंय? दिवाळीत म्हणाला, लाडू खायला आल्यागत वाटंल त्यांना. आणि दिवाळी सरली तर म्हणतोय, थंडी पडलीया, मोटारीत वारं लई लागतंय! मोटारीत एकदाबी न बसलेला माणूस! त्याला वारं कुणी सांगितलं?

आणि मोटार दारातनं जात होती!

रोज! यल्लाप्पाला सगळं ठावं. कानडी माणूस, पर काकतीत मोटार हळू करून तोंड भायेर काढून इचारायचा, "अण्णा, बर्तीरा?" म्हंजे येताय काय. आणि सुबराव कट्ट्यावरनंच हात हलवून, "नाळे, यल्लाप्पा, नाळे!" उद्या! काय हो, माणसाला दोन भाषा येत होत्या आणि दोन्हीत एकच शब्द तोंडपाठ! आणि बघा, त्याच वेळी तो हात वर करत होता हो! त्याच हातानं मोटार थांबवायची सोडून हा तिला वाटंला लावत होता!

मग एक दिवस गुणाबाईनं ठरवलं, ह्याच्यावर सोडायचंच न्हाय. पहाटं उठली. पाणी तापवलं, ह्याला न्हाणीत ढकललं. धोतर नेसवलं... म्हंजे नेसला तोच, पर ही समोर उभी, म्हणून नेसला. कोट चढवला. पटका बांधला, तोबी अंजनीनं धुऊन, खळ घालून कडक केलेला. चपला पायात. हातात पोह्यांच्या लाडवाची पुरचुंडी. आणि दंडाला धरून सडकेच्या कडेला आणून उभा केला. शेजारपाजारची माणसं भायेर येऊन बघायलीत, सुबराव निघाला! सुबराव निघाला! अंजनी दाराआडनं बघायलीया. लांबनं भोंगा ऐकू आला. मोटार वळणावर दिसली. धुरळा दिसला! आता जाणार... आता जाणारच...

"अगं! चंची!"

"कसली चंची?"

"पानाची. आत ऱ्हायली."

"मी आणतो की."

"तुला घावायची न्हाय ती. हितंच थांब, आलोच."

आलोच! पुन्हा 'च'!

मोटार आली. थांबली. यल्लाप्पा खाली उतरला, असा दिवस त्याच्याबी नशिबात कवा यायचा? मोटारीचं दार स्वतः उघडून उभा ऱ्हायला. आतनं एक म्हातारं वरडायलंय, "अवं बाई, माझी चिकोडीला कोर्टात तारीख हाय!" एका बाईच्या मांडीवरच्या डालग्यात कोंबड्या, त्याबी वरडायल्यात. गुणाबाई म्हणतीया, "आलं, आलं, एवढं आलं." भोंगा वाजला. पुन्हा वाजला. शेवटी ही धावत आत गेली, तर काय बघती... कोट अंगात, पटका डोस्क्यावर, चपला पायात, चंची हातात, सगळं जिथल्या तिथं, आणि सुबराव भाताच्या पोत्यावर बसून खांबाला टेकून घोरायलाय!

तिनं गदागदा हलवलं. त्यानं एक डोळा उघडला आणि काय म्हणाला ठावं हाय?

"निपाणी आली?"

आता सांगा! ह्या बाईनं कुणाच्या नावानं बोंब मारायची? मोटार गेली. कोर्टाचं म्हातारं शिव्या देत गेलं, कोंबड्या वरडत गेल्या, आणि सुबरावानं कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, "बरं झालं, आता सगळी तयारी झालेलीच हाय. उद्या नुसतं निघायचं."

तशात बोरगावास्नं राजाबाईचा सांगावा आला. आठवड्याच्या बाजाराला आलेल्या माणसाबरोबर, की आक्का, झोपलासा काय? संकेश्वरची माणसं कवाच शामूला बघून गेली, मला आत्ता कळलं. गुणाबाईनं हातातलं काम टाकलं. ती तडक कट्ट्यावर. "अवं, ऐकलंसा काय? संकेश्वरवाले आलते म्हणं! आज तरी उठा!"

सुबरावानं लई इचार केला. चुना लावला, पान दुमडलं, तोंडात घातलं, आणि म्हणाला, "मग आता आपण मधी शिरणं बरं दिसतंय व्हय? त्यांचं काय ते एकदा होऊन जाऊ दे. मग बघू."

त्यांचं काय ते होऊन जाऊ दे! अहो, त्यांचं झाल्यावर तुम्ही काय बघणार हाईसा? वरात?

आता हितवर हसण्यासारखं होतं हो. पर घरात एक पोरगी होती. उन्हाळ्यापास्नं काय व्हायचं, तिकडं भोंगा वाजला की हिकडं अंजनी कायतरी निमित्त काढून दारात यायची. कधी केरसुणी घेऊन, कधी नुसती कळशी घेऊन. बापाकडं बघायची, मोटारीकडं बघायची. बाप म्हणायचा नाळे, आणि ही आत जायची. तिच्या जोडीच्या पोरी एकेक करून सासरी गेल्या, भावकूची गेली, मष्णूची तर हिच्यापेक्षा धाकटी, तीबी गेली. आणि पाणवठ्यावर बायका इचारायच्या, काय गं अंजने, तुझं कुठं जमलं न्हाय व्हय अजून? ही हसून कळशी उचलायची.

आणि संकेश्वरचा सांगावा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, तर अंजनी दारात आलीच न्हाय. जात्यावर बसलेली. वर मान करून बघितलंबी न्हाय. घरघर घरघर दळतच ऱ्हायली. गुणाबाई तिच्यापुढं जाऊन बसली, पीठ सारायला लागली, तर अंजनी म्हणाली, "आई, आता आप्पांना काय बोलू नको. ऱ्हाऊ दे. मी काय म्हातारी झालो न्हाय एवढ्यात." आणि हसली.

रडली असती तर गुणाबाईनं तिला जवळ घेतली असती. पर हसली, आणि हिच्या काळजाचं पाणी झालं बघा.

उठली! पीठ लागलेलं हात पदराला पुसलं, अंगावरचं लुगडं तेच, पायात कायबी न्हाय, तशी भायेर आली. कट्ट्यावर सुबराव यल्लाप्पाला 'नाळे'चा हात करायलाय, मोटार हळू झालेली पुन्हा निघायलीया, आणि गुणाबाई सडकेच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी!

यल्लाप्पानं करकचून मोटार थांबवली. "काय अक्का? अण्णा येणार?"

"अण्णा उद्या येणार हाईत. मी आज निघालो."

आणि बसली की हो! कधी मोटारीत न बसलेली बाई. भाड्याचं इचारलं तर यल्लाप्पा म्हणाला, अक्का, तुम्ही बसा आधी, तुमचा मालक आत जाऊन चंची आणायच्या आत मी मोटार हाणतो! मोटार गेली. सुबरावाचा हात तसाच वर ऱ्हायलेला.

आता मोटारीतली कथा काय सांगू? पेट्रोलचा वास, धक्के, डोस्कं भणभणायलंय. तवंदीच्या घाटात तर तिनं डोळं गच्च मिटून पुढच्या फळीला मिठी मारली. आणि तिथं, डोळं मिटून, तिला एक गोष्ट दिसली. मोटार दारातनं जात होती ती काय एकट्या सुबरावाच्या? तिच्याबी दारातनं जात होती की! हा उद्या जातो म्हणत बसला, आणि ती, हा उद्या जाईल म्हणत बसली. वरीसभर! भाताला ती त्याची वाट बघत न्हवती. नांगराला न्हवती. मग ह्याच एका कामाला का बघत बसली? तर म्हणं रीत! तिला स्वतःचाच इतका राग आला की घाट कवा सरला ते कळलं न्हाय.

निपाणीत उतरली तर सगळ्या गावाला तंबाखूचा घमघमाट. शिंका सुरू झाल्या. शिंकत शिंकत इचारायलीया, "मारुतीरावांचं घर... आच्छी!... कुठलं हो?" लोक रस्ता दावत्यात. आणि मनात एकच, संकेश्वरवाल्यांची सुपारी फुटली असंल तर काय तोंडानं माघारी जायचं? पोरीला काय सांगायचं? दारापाशी पोचली. आत पाऊल टाकणार, तेवढ्यात आतनं एका बाईचा आवाज...

"अवं, उठा की आता! उठा! त्या काकतीची माणसं येत न्हाईत तर आपण जाऊन इचारायला काय पाय मोडल्यात काय तुमचं? बेळगावची मोटार वेशीतनं सुटतीया! नुसतं चौकापर्यंत चालत जायचं!"

आणि मग एक पुरुषाचा आवाज. संथ. जड.

"जाऊ की गं. उद्याच जातो."

गुणाबाई उंबऱ्यात मटकन बसलीच!

आतली बाई भायेर आली. ती अक्काताई, मारुतीरावाची बायको, शामूची आई. "कोण हो तुम्ही? बरं वाटत न्हाय काय?"

"मी काकतीची. अंजनीची आई."

अक्काताईनं हिच्याकडं बघितलं. अनवाणी पाय, हाताला पीठ, डोळ्यांत शिंकांचं पाणी. मग रस्त्याकडं बघितलं, संगं कोण पुरुषमाणूस हाय काय. कोण न्हाय. मग हळूच इचारलं, "म्हंजे... तुमच्याकडंबी?"

"व्हय बाई," गुणाबाई म्हणाली, "आमच्याकडंबी."

आणि तुम्हास्नी सांगतो, त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या का रडल्या ते त्यांनाच ठावं! आत घोंगड्यावर मारुतीराव पडलेला, पोट वर, डोळं मिटलेलं. म्हणाला, "कोण आलंय गं?" अक्काताई म्हणाली, "तुमचं उद्याचं काम आलंय चालत!"

गुणाबाईनं धीर करून इचारलं, "संकेश्वरचं काय झालं?"

"काय व्हायचं? ते बिचारे बघून गेले, निरोप सांगा म्हणाले. ह्यांनी सांगितलं, उद्या कळवतो. तवापास्नं ह्यांचा उद्या उगवला न्हाय. त्यांनी वाट बघून बघून पोरगी गडहिंग्लजला दिली."

आता काय म्हणायचं ह्याला? जे दुखणं घरात, तेच औषध दारात! पर गुणाबाईला निराळीच शंका आली. तिनं अक्काताईचा हात धरला. "आणि पोरगं? राग मानू नका बाई, पर पोरगं कुणावर गेलंय? माझी पोरगी मी आणखी एका कट्ट्याला बांधायची न्हाय. तसं असंल तर आत्ताच सांगा, मी उलट्या पावली माघारी जातो."

अक्काताई रागावली न्हाय. पदर खोचला आणि म्हणाली, "चला. दावतो."

वखारीत गेल्या. दारातनंच बघितलं. काट्यापाशी शामू, बोदांवर बोद, म्हंजे तंबाखूची भली मोठी पोती, चढवायलाय, उतरवायलाय, तोंडानं वजन सांगायलाय, एका हातानं घाम पुसायलाय, माणसं त्याच्या मागं धावायलीत. आई दिसली, तिच्याजवळ परकी बाई दिसली, तशी चढवलेला बोद आधी उतरवला, वजन सांगितलं, आणि मग आला. अक्काताई म्हणाली, ही अंजनीची आई, तसा पाया पडला. आणि पहिलं वाक्य काय? "मामी, अंजनी बरी हाय?" बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

गुणाबाई म्हणाली, "काय रं बाबा, काम उद्यावर टाकतोस काय कधी?"

शामू म्हणाला, "मामी, घरात एक माणूस टाकतंय तेवढं बास हाय की."

झालं! अक्काताईनं गूळ आणला, दोघींनी एकमेकींच्या तोंडात घातला. वरीसभर जे दोन बापांना जमलं न्हाय, ते दोन आयांनी चहा निवायच्या आत संपवलं!

दिवस कलताना गुणाबाई परतीच्या मोटारीनं काकतीला उतरली. सुबराव कट्ट्यावरच. "अगं, कुठं गेलतीस सकाळधरनं?"

"निपाणीला. पोरीचं जमवून आलो."

सुबराव दुखावला हो! खरंच दुखावला. "अगं, मला इचारायचंस तरी! मी उद्या जाणारच होतो न्हवं!" मग जरा वेळानं त्याच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. "म्हंजे... आता मला जायला नको, म्हण की!" आणि समाधानानं कुशीवर वळला.

गुणाबाई आत गेली, अंजनीपुढं बसली. आईनं पदराच्या गाठीतनं निपाणीचा गूळ काढून तिच्या हातावर ठेवला, तवा ती त्या गुळाकडं बघतच ऱ्हायली... आणि मग रडली. आता रडली बघा.

पर आमची कथा हितं संपत न्हाय! रीतीपरमाणं सुपारी फोडायला बाप लागतोय. दोन्ही बाप. सुबराव तर हलायचा न्हाय. मग तिकडं अक्काताईनं काय डोस्कं चालवलं! मारुतीरावाला म्हणाली, "अवं, मोटारीत चालायचं नसतंय, नुसतं बसायचं असतंय." मारुतीराव म्हणाला, "नुसतं बसायचं?" "नुसतं बसायचं." "मग आधी सांगायचंस की!" आणि आला! काकतीला आला, सुपारी फोडली, जेवला आणि कट्ट्यावर सुबरावाच्या शेजारी जरा टेकला.

जरा टेकला तो टेकलाच! सांजच्याला अक्काताई म्हणाली, चला. म्हणाला, "तू हो पुढं, मी उद्या येतो." ती बिचारी गेली. दुसऱ्या दिवशी मोटार आली, यल्लाप्पानं भोंगा वाजवला, तर कट्ट्यावरनं दोन हात हलले... "नाळे! नाळे!"

तुम्हास्नी सांगतो, पुढचा पंधरवडा, लग्नाची तयारी, मांडव, जेवणाची भांडी, आमंत्रणं, सगळं गुणाबाईच्या अंगावर, आणि कट्ट्यावर एकाच्या जागी दोघं! दोघांना चहा, दोघांना पान, दोघांच्या गप्पा काय, तर हल्लीच्या माणसांना घाई फार! ती तरणीताठी बाई असती तर म्हायेरी निघून गेली असती. आता कुठं जाणार? निपाणीचं वऱ्हाड आलं तवा नवरदेवाचा बाप वऱ्हाडात न्हवताच, तो आधीपास्नं नवरीच्या कट्ट्यावर घोरत होता. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली तवा दोघांना दोन्ही बायकांनी दंडाला धरून मांडवात उभं केलं. पर लग्न झालं. झकास झालं. अंजनी आणि शामू दोघंबी पंगतीत उठून स्वतः वाढायला लागली, तवा लोकांनी तोंडात बोटं घातली.

आणि संध्याकाळी पान खात सुबराव चारचौघांत काय म्हणाला? म्हणाला, "मी घाई केली असती तर काय झालं असतं? तवा आम्ही गेलो असतो, पुढं-मागं संकेश्वरवाल्यांचा घोळ झाला असता, मनं कलुषित झाली असती. म्हणून मी मुद्दाम थांबलो. पोरीच्या लग्नात सबुरी पायजे." आणि मारुतीराव शेजारी मान हलवायलाय, "अगदी बरोबर बोललासा व्याही!"

आणि लोकांना पटलं हो! पटलं! सगळा गाव म्हणायला लागला, सुबराव मोठा धोरणी माणूस. वरून दिसत न्हाय, पर आतनं लई खोल. आता कुणाच्या पोरीचं जमवायचं झालं की काकतीची माणसं टोपी सारखी करून त्याच कट्ट्यावर येत्यात, सल्ला घ्यायला! परवा तर शेजारच्या गावास्नं बैलगाडी करून आलते. सुबराव डोळं मिटून ऐकून घेतोय, लई खोल गेल्यागत हूं हूं करतोय...

आणि गुणाबाई? गुणाबाई काय करणार? रानातनं दमून आलेली असती, पाय धुती, त्या माणसांकडं बघती, ह्याच्याकडं बघती... आणि आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवती. धोरणी माणसाकडं लांबनं माणसं आल्यात, त्यांना चहा तरी द्यायला नको?